बिराजदार मास्तरांचे तोडे

बिराजदार मास्तरांना मुलींच्या पायांपलीकडे काही दिसत नसे. हे वाक्य वाचायला वाईट वाटतं, पण त्यात तसं वाईट काही नव्हतं. वखारवाला ओंडक्याकडे बघतो तसे ते पायांकडे बघत. घेर किती, वजन किती झेपेल, एवढंच. त्या ओंडक्याला नाव आहे, डोकं आहे, आज अंगात ताप आहे, हे त्यांच्या गावीही नसे.

नावानं तर ते कुणालाच हाक मारत नसत. बापाचा धंदा हेच मुलीचं नाव. माझे वडील वकील, म्हणून मी ‘ए वकील’. एक होती ‘ए डॉक्टर’, एक ‘ए अडत्या’. नरसूचे वडील साखर पेठेत हातमागावर बसत, म्हणून ती ‘ए साळी’. गुरुबाईच्या वडिलांचं भुसाराचं दुकान होतं, पण मास्तरांचा महिन्याचा किराणा तिथूनच येई. म्हणून तिला मात्र ते ‘गुरुबाई’ म्हणत.

आमची शाळा मिशनची, मुलींची, इंग्रजी माध्यमाची. ड्रिलमास्तर म्हणून बिराजदारांना कुणी आणलं ते मला माहीत नाही. ते अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी. तरुणपणी तालमीत होते, आणि त्या काळातली एकच गोष्ट त्यांच्या अंगावर शिल्लक होती, ती म्हणजे चालण्याची ढब. दोन्ही पाय फाकवून, डुलत डुलत, जणू समोरचा रस्ता त्यांना भिऊन बाजूला होणार आहे. पन्नाशीच्या पुढचा, दम लागणारा माणूस तसा चालू लागला की बघवत नाही.

बास्केटबॉल हा खेळ आमच्या मुख्य बाईंनी आणला. त्या अमेरिकन होत्या. सगळे त्यांना मिससाहेब म्हणत. तोवर आम्ही कुणी तो खेळ पाहिला नव्हता. लोहारानं दोन लोखंडी कडी करून दिली, साखर पेठेतून सुताच्या जाळ्या विणून आल्या. चेंडू कातडी होता, वर नाडीनं आवळलेला; ती नाडी मनगटावर बसली की वळ उठे. आम्ही काष्टा घालून, पदर खोचून खेळत असू. मिससाहेबांनी नियम सांगितले आणि खेळ मास्तरांच्या स्वाधीन केला. मास्तरांनी आयुष्यात तो पाहिलेला नव्हता, पण पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला त्याचं मर्म सांगितलं.

“पोरींनो, चेंडू हातात असतोय म्हणून समद्यांस्नी वाटतंय, खेळ हाताचा. न्हाय. खेळ हाय तोड्याचा. तोडे मजबूत, तर पळणं मजबूत, वळणं मजबूत, उडी मजबूत. उद्यापास्नं तोडे.”

कानडीत तोडे म्हणजे मांडी. मांडी हा शब्द मुलींसमोर काढणं बरं दिसेना म्हणून मास्तरांनी तो कानडीत झाकून घेतला होता. कानडी येणाऱ्या चार मुली आमच्यात होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं. बाकीच्या आम्ही पायातल्या चांदीच्या तोड्यांचा विचार करत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी नरसू तोडे घालून आली. तिच्या मावशीचे होते, जुन्या घडणीचे, जड. नरसू अंगानं इतकी बारीक होती की त्या तोड्यांनीच तिला उभं धरलंय असं वाटे. ती पळू लागली. तोडे खणखणत होते, घोट्यावर आपटत होते, आणि तरीही मैदानाच्या दोन फेऱ्यांत ती आम्हा सगळ्यांच्या पुढे होती.

“ए साळी,” मास्तर म्हणाले, “वरात कुटं निघाली?”

“तुम्हीच म्हणालात मास्तर, तोडे मजबूत पाहिजेत. घरचे हलके होते, म्हणून अम्मानं मावशीचे आणले.”

गुरुबाईला हसू आवरेना. तिनं शेजारच्या दोघींना खरा अर्थ सांगितला, त्यांनी पुढच्या दोघींना. मिनिटाभरात सगळं मैदान हसत होतं आणि मधोमध नरसू खाली बघून तोड्यांची कळ उघडत होती. मास्तरांचे कान लाल झाले. चूक त्यांची होती, हसू त्यांच्यावर होतं, आणि राग त्यांनी नरसूवर धरला. तो शेवटपर्यंत सोडला नाही.

हा शब्द मिससाहेबांच्याही कानावर गेला. त्यांनी वही काढून विचारलं, “मास्तर, तोडे म्हणजे काय?”

“तोडे म्हणजे पाया, मिससाहेब,” मास्तर डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाले. “इमारतीचा असतोय तसा.”

मिससाहेबांनी तो लिहून घेतला. त्यांना नवे मराठी शब्द वापरायची फार हौस. सोमवारच्या प्रार्थनेत त्या म्हणाल्या, “मुलींनो, तुम्हा प्रत्येकीचे तोडे सत्यावर भक्कम उभे असोत.” आमच्या शिवणाच्या बाई कानडी होत्या. त्यांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं. मास्तर पहिल्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून उभे होते.

मग बैठका सुरू झाल्या. रोज शंभर, पुढे दोनशे. पंधरा दिवसांत आमची अशी अवस्था झाली की जिना उतरताना आम्ही खेकड्यासारख्या आडव्या उतरत असू, आणि जेवायला पाटावर बसताना भिंत धरत असू. कुणी तक्रार केली तर मास्तर म्हणत, “पाय दुकत्यात म्हंजे पाय येत्यात.” जणू ते आजवर कुठं बाहेरगावी गेले होते.

किती आले, हे ते मोजत. मास्तरांनी स्वतः मुलींना मोजणं शक्य नव्हतं, म्हणून ते काम शाळेच्या आयाकडे, काशीबाईकडे होतं. शिवणाच्या खोलीत पडदा लावायचा, काशीबाईनं मांडीभोवती सूत गुंडाळायचं, जिथं टोक मिळेल तिथं गाठ मारायची आणि बाहेर मास्तरांच्या हातात द्यायचं. प्रत्येक सुताला निराळ्या रंगाची चिंधी. ती सुतं मास्तरांनी खेळाच्या खोलीत भिंतीवर खिळे मारून ओळीनं टांगली होती. डावीकडे सगळ्यात लांब, उजवीकडे सगळ्यात आखूड. सगळ्यात लांब सूत माझं होतं. कुणी पाहुणा आला की मास्तर त्याला खोलीत नेत आणि छडीनं दाखवत, “हे वकिलाचं. बघा की.” मी त्या खोलीत भिंतीकडे न बघता जायला शिकले.

सगळ्यात आखूड सूत नरसूचं होतं.

त्या वर्षी मिससाहेबांनी एक गोष्ट जाहीर केली. मॅट्रिकला बसणाऱ्या मुलींतली एक, खेळाची मदतनीस म्हणून शाळेतच ठेवून घेतली जाईल. तिनं बोर्डिंगात राहायचं, लहान मुलींना खेळ शिकवायचा, आणि पुढे शाळाच तिला बाहेरगावी शिकायला पाठवील. आम्हा बऱ्याच जणींना ती नुसती बातमी होती. नरसूला नव्हती. तिच्यासाठी भिवंडीचं एक स्थळ आलं होतं. माणूस बिजवर, दोन मुलांचा बाप. तिच्या वडिलांना खोकल्यानं धरलं होतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत हिचं व्हावं असं त्यांना वाटे. पण शाळेवर त्यांचा विश्वास होता. शाळेनं ठेवून घेतली तर आपण थांबू, असं ते म्हणाले होते. नरसूनं हे मला एकदा, चेंडूची नाडी आवळता आवळता सांगितलं, आणि परत कधी काढलं नाही.

पुढे मिरजेच्या मुलींचा संघ आमच्याकडे खेळायला येणार असं ठरलं. मास्तरांनी पाच जणींची निवड केली. ती कशी केली हे सांगायला नको. डावीकडून पाच सुतं मोजली. मी आत होते. गुरुबाई आत होती. नरसू राखीव.

सरावात राखीव मुली आम्हाला हरवत. मला ते तेव्हाच नीट दिसत होतं, पण बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. बैठकांनी आमच्या पायांत जोर आला होता, हे मी नाकारत नाही. चेंडूसाठी जागच्या जागी उडी मारायची तर मी पूर्वीपेक्षा वीतभर वर जात असे. पण तो जोर यायला वेळ लागे. चेंडू उजवीकडे गेला, हे मला कळे. मग पाय वळायच्या तयारीला लागत. तोवर चेंडू डावीकडे आलेला असे. जड पेटी ढकलायला लागतो तो जोर आमच्याकडे होता. दार आपटायला लागतो तो नव्हता.

नरसूकडे तो होता. शिवाय तिच्याकडे एक गोष्ट होती, जी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. तिला थांबता येई. भरधाव येऊन ती एका पावलात उभी राही, आणि तिला अडवणारी मुलगी आपल्याच वेगानं चार पावलं पुढे निघून जाई. मग नरसू दुसऱ्या बाजूला वळे, सावकाश वाटावं इतक्या सहज. मास्तर ओरडत, “ए साळी, पळपुटा खेळ न्हाय पायजे. चपळाई म्हंजे भ्या. जोरवाला हलत न्हाय.”

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्याकडून दीडशे बैठका काढल्या. अंग गरम पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दुपारी मिरजेच्या मुली मैदानात उतरल्या तेव्हा आमच्या मांड्या थरथरत होत्या. त्या मुली आमच्यापेक्षा किरकोळ दिसत होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “काड्या हायत नुसत्या.” त्या काड्यांनी पहिल्या काही मिनिटांतच चार वेळा चेंडू आमच्या कड्यातून खाली सोडला. अशा प्रत्येक टोपलीनंतर चेंडू मधोमध उडवत, आणि दोन्हीकडची एकेक मुलगी त्यासाठी उडी मारी. ती उडी गुरुबाई जिंकायची. चेंडू आमच्याकडे यायचा आणि आमच्या हातातून निघून जायचा. खेळ संपायला थोडा वेळ राहिला असताना गुरुबाईच्या पोटरीत गोळा आला आणि ती खाली बसली. मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं, आणि दुसरं कुणी पुढे येईना म्हणून नरसूला पाठवलं.

त्या थोड्या वेळात तिनं पाच टोपल्या केल्या. मिरजेच्या बाईंनी मिससाहेबांना विचारलं, ही मुलगी इतका वेळ कुठं होती. आम्ही दोन टोपल्यांनी हरलो.

“ती आत गेली आन् समदा संघ बिघडला,” मास्तर आम्हाला म्हणाले. “तोवर कसा जमून आला हुता.”

मिससाहेबांचं मन नरसूकडे झुकलं होतं, पण त्यांना एकच शंका होती: दिवसभर मैदानावर उभं राहण्याचं काम या मुलीला झेपेल का. ते त्यांनी मास्तरांवर सोपवलं. मुलीच्या घरी जाऊन आईवडिलांची संमती घ्या, मुलीची प्रकृती बघा, आणि तुमचं मत लिहून द्या. पुरुष माणसानं मुलीच्या घरी एकट्यानं जाऊ नये म्हणून बरोबर मला पाठवलं.

नरसूच्या घरात शिरलं की आधी अंधार आणि मग माग. वडील आजारी, म्हणून मागावर तीच बसली होती. हातमागाला जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या दोन लाकडी पट्ट्या आळीपाळीनं दाबतो. एक पट्टी दाबली की अर्धे धागे वर जातात, मधून आडव्या धाग्याचा धोटा पळतो, लगेच दुसरी दाबायची. नरसूची पाठ आमच्याकडे होती. तिला आम्ही आलेलो कळलं नाही.

मास्तरांनी हाक मारली नाही. ते खड्ड्याच्या बाजूला गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि आत बघू लागले. मीही बघितलं. मांड्या जवळजवळ हलत नव्हत्या. सगळं काम पावलांत आणि घोट्यात होतं. पट्टी खाली गेली की पाऊल त्याच क्षणी सुटायचं, जणू चटका बसलाय. दाब आणि सोड, दाब आणि सोड, धोट्याच्या आवाजाबरोबर. आणि मधेच धागा तुटला की दोन्ही पावलं हवेत जिथल्या तिथं थांबायची. मास्तर किती वेळ वाकून होते कोण जाणे. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

नरसूची आई आतून आली आणि घाबरली. “मास्तर आले, पाणी तरी द्यावं की. आमचं लेकरू शाळेत राहतंय का मास्तर? तिच्या बापाला काय सांगू? भिवंडीवाले निरोप मागतेत.”

“बघू की,” मास्तर म्हणाले.

नरसू मागावरून उठून उभी राहिली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

रस्त्यावर आल्यावर ते स्वतःच्या पावलांकडे बघत चालले. त्यांची चालही जरा साधी झाली होती. मग म्हणाले, “वकील, काय बघितलंस?”

“पाय,” मी म्हणाले.

“व्हय. पन तोडे न्हाईत. घोटा हाय. घोटा.” थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, “दाबून सोडतीया बघ. आमी नुसतंच दाबलं. इतकी वर्सं तालमीत गेली, सोडायचं कुणी सांगितलंच न्हाय.”

त्या संध्याकाळी मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. ते सोळा तास टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिससाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. मास्तर तिथं उभे होते, दोन्ही हात मागे बांधून. टेबलावर त्यांचा कागद होता. मास्तर मोडी लिहीत, आणि मिससाहेबांना मोडी येत नसे. मला वडिलांच्या कारकुनानं मोडी शिकवली होती, हे त्यांना ठाऊक होतं. “वाच,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. ऑफिसात मुलींनी इंग्रजीतच बोलायचं असा नियम होता.

कागदावर लिहिलं होतं: “नरसू हिची अंगकाठी हलकी. घेर सर्वांत कमी. दिवसभराचे कामास टिकणार नाही. वकिलांची कन्या सर्व मापांत योग्य.”

मी तो मनात दोनदा वाचला. त्यांना कळलं नसतं तर मी समजू शकले असते. पण काल ते स्वतः वाकून मोजत होते. नरसूची निवड करायची तर भिंतीवरची सुतं खोटी ठरणार होती, दोनशे बैठका खोट्या ठरणार होत्या, आणि हसणाऱ्या मैदानापुढे पुन्हा एकदा कान लाल होणार होते. त्यापेक्षा भिवंडी त्यांना स्वस्त वाटली. आणि नरसूच्या जागी त्यांनी माझं नाव घातलं होतं.

मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, आणि येत नाही असं त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. कुणी इंग्रजीत बोललं की ते मान डोलावत. एकदा मिससाहेबांनी त्यांना इंग्रजीत विचारलं होतं, मैदानावरचा साप मारला का. ते म्हणाले, “येस, करेक्ट,” आणि आम्ही आठवडाभर सापासकट ड्रिल केली.

मी कागद दोन्ही हातांनी धरला आणि इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. माझा आवाज नेहमीच बारीक असतो, त्यामुळे त्यात काही वेगळं कुणाला वाटलं नसावं. मी वाचलं, की नरसूची अंगकाठी हलकी आहे आणि म्हणूनच ती चपळ आहे. तिच्या घोट्यांत जी ताकद आहे ती मी दुसऱ्या कोणत्याही मुलीत पाहिलेली नाही. मी तिला घरी काम करताना पाहिलं. ती दिवसभर टिकेल. या जागेला तीच योग्य आहे. एवढं वाचून मी कागदाची घडी घातली.

मिससाहेबांनी मास्तरांकडे बघून इंग्रजीतच विचारलं, हे तुमचं विचारपूर्वक मत आहे ना.

“येस, येस,” मास्तर म्हणाले. “करेक्ट.”

ते माझ्याकडे बघून हसलेही. माझी निवड झाली असं त्यांना वाटलं होतं.

आठ दिवसांनी सगळ्या शाळेपुढे मिससाहेबांनी नाव जाहीर केलं. या वेळी त्या मराठीत बोलल्या. नरसू उद्यापासून शाळेची मदतनीस. आणि तिची योग्यता ओळखून इतकं सुंदर पत्र लिहिल्याबद्दल बिराजदार मास्तरांचे आभार. नरसूचे आईवडील मागच्या बाकावर बसले होते. वडील खोकला दाबत होते.

मी मास्तरांकडे बघत होते. शेवटची पायरी समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक निघावी, तसा त्यांचा चेहरा एका क्षणापुरता झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं. आणि मग ते वळले. इतक्या वर्षांत या माणसाला इतक्या झटकन वळताना मी पाहिलं नव्हतं. पुढच्याच क्षणी ते पाय फाकवून, डुलत डुलत व्यासपीठाकडे निघाले होते. टाळ्या पडू लागल्या. नरसूनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“पयल्या दिसालाच वळखली हुती म्या. घोटा बघून. हितं कुणाला दिसलाच न्हाय, घोटा.”

त्यातली घोट्याची गोष्ट तेवढी खरी होती, आणि नेमकी तीच त्यांनी कागदावर लिहिली नव्हती.